तिखटापलीकडची चव

वरोऱ्याच्या बाजारपेठेत आणि महाविद्यालयांच्या आसपासच्या दुकानांत गेल्या काही वर्षांत एक नवा जिन्नस येऊन स्थिरावला आहे. काळ्या, तांबड्या, क्वचित गुलाबी रंगाची ही पाकिटे दुरूनही ओळखू येतात. त्यांवरील लिपी वाचता येणारा गावात बहुधा कोणी नसावा. तथापि आत काय आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोरियन मालिकांतील पात्रे रात्री-अपरात्री पिवळ्या पातेलीतून ज्या तन्मयतेने नूडल्स ओरपतात, ती तन्मयता मोबाइलच्या पडद्यावरून आपल्या तरुणांपर्यंत पोचली आणि तिच्या मागोमाग पाकीटही पोचले. आयात केलेल्या एका पाकिटास शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात. माढेळीहून किंवा टेमुर्ड्याहून एस. टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यास ही रक्कम लहान नव्हे.

एवढे पैसे मोजणारा मनुष्य वस्तू पारखून घेत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विद्यार्थ्यांना विचारावे, तर उत्तर बहुतेक एकच मिळते : ‘जाम तिखट आहे.’ कोणी किती घासांत पाणी मागितले, कोणाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कोणी संपूर्ण वाडगा रिकामा केला, याच्या कथा मोठ्या रंगतीने सांगितल्या जातात. यास पैज म्हणता येईल, परीक्षण म्हणता येणार नाही. ज्या भाषेत खमंग, चरचरीत, मिळमिळीत, झणझणीत, तुरट, पाणचट, उग्र असे शब्द घरोघरी जेवताना सहज उच्चारले जातात, त्या भाषेतील तरुणांनी सातासमुद्रापलीकडच्या एका पदार्थाविषयी एकाच विशेषणावर भागवावे, हे काही बरे लक्षण नाही.

आणि हा पदार्थ एका विशेषणावर भागवावा एवढा क्षुल्लकही नाही. झटपट शिजणाऱ्या नूडल्सचा जन्म जपानमध्ये १९५८ साली झाला. मोमोफुकु आंदो या उद्योजकाने शिजविलेल्या नूडल्स तेलात तळून त्यांतील पाणी उडविण्याची युक्ती काढली. तळताना पाणी निघून जाते, त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि पुढे उकळते पाणी त्या छिद्रांतून शिरून नूडल्स चार-पाच मिनिटांत मऊ करते. दक्षिण कोरियात ही विद्या १९६३ साली आली. युद्धाने उद्ध्वस्त झालेला तो देश त्या वेळी अन्नधान्यासाठी अमेरिकेच्या मदतीवर विसंबून होता. सेऊलच्या नामदेमुन बाजारात अमेरिकी छावण्यांतील उष्ट्या अन्नाची पेज विकत घेण्यासाठी लागलेली रांग पाहून जोन जुंग-यून या गृहस्थास स्वस्त अन्नाची कल्पना सुचली, अशी सॅमयांग या कंपनीच्या जन्माची कथा सांगितली जाते. जपानच्या म्योजो कंपनीकडून तंत्र घेऊन त्यांनी १५ सप्टेंबर १९६३ रोजी पहिले कोरियन राम्यन बाजारात आणले; किंमत दहा वॉन. तांदूळ अपुरा म्हणून सरकारही गहू व मिश्र धान्य खाण्याचा आग्रह लोकांस करीत होते.

ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण महाराष्ट्रातील एका पिढीच्या जिभेवर अद्याप आहे. मिलोची भाकरी लोकांनी नाइलाजाने खाल्ली आणि बरे दिवस येताच ती विसरण्याचा प्रयत्न केला. कोरियन लोकांनी मात्र मदतीच्या गव्हाला आपल्या मिरचीची फोडणी दिली, म्हणा ना, आणि त्यास आपल्या घरचा करून टाकला. १९८६ साली नोंगशिम कंपनीचे ‘शिन’ राम्यन आले. ‘शिन’ म्हणजे तिखट. २०१२ साली सॅमयांगने ‘बुलडाक’ काढले, ज्याचा शब्दशः अर्थ आगीची कोंबडी. आज आपल्या मुलांच्या हाती दिसते ती बहुधा हीच काळी पुडी.

आता तिखटाविषयी. आयुर्वेदाने कटू हा सहा रसांपैकी एक मानला. आधुनिक शरीरशास्त्र त्यास रस मानीत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णतेची वार्ता देणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहकाला चेतविते. जिभेला भाजल्याची सूचना मिळते, प्रत्यक्षात भाजलेले काहीच नसते. या ग्राहकाचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तिखटपणा मोजण्याचे विल्बर स्कोव्हिल यांचे मापही मोठे मनोरंजक आहे. १९१२ साली त्यांनी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात विरळ करीत नेला आणि चव घेणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत किती पट पाणी लागते ते टिपले. म्हणजे आज पाकिटांच्या जाहिरातींत मिरवणारे हे आकडे मुळात माणसाच्या जिभेनेच काढलेले होते. मूळ बुलडाकचा आकडा सुमारे ४,४०० आहे, आणि त्याहून जहाल प्रकारही निघाले आहेत. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने या मालिकेतील तीन प्रकार अतितिखट म्हणून बाजारातून परत मागविले. पुढे जुलैत त्यांपैकी दोहोंस पुन्हा परवानगी दिली. या बंदीने मालाची जेवढी जाहिरात झाली, तेवढी पदरचे पैसे खर्चूनही झाली नसती.

आम्ही काही शिक्षकांनी एका शनिवारी दुपारी हा पदार्थ नीट पारखून पाहण्याचे ठरविले. दोन आयात पाकिटे आणि ‘कोरियन चवीचे’ म्हणून विकले जाणारे एक देशी पाकीट आणले. पहिला नियम असा केला की पाकिटावर लिहिले आहे तसेच शिजवावयाचे. हा नियम वाटतो तितका सोपा नाही. दोन मिनिटांच्या नूडल्सची सवय असलेले आपले हात पाणी अंदाजाने घालतात आणि ते आटवून टाकतात. शिन राम्यनला साधारण ५५० मिलिलिटर पाणी लागते, कारण तो मुळात रस्सा आहे. ते पाणी निम्मे केले की मीठ-मसाला दुप्पट तीव्र होतो, आणि मग ‘खारट आहे’ असा निकाल देणारा स्वतःच्या पातेल्यालाच दोष देत असतो. बुलडाकची रीत निराळी. त्यात नूडल्स उकळून पाणी काढून टाकावयाचे, केवळ आठ चमचे मागे ठेवावयाचे, त्यात तांबडा द्रव मसाला घालून अर्धा मिनिट परतावयाचे, आणि शेवटी तीळ व समुद्रशेवाळाची पुडी भुरभुरावयाची.

रस्सेदार प्रकाराची नूडल आम्हांस सर्वांत आवडली. ती जाड, गोलसर आणि दातांखाली किंचित उसळी घेणारी होती. पिठात बटाट्याचा स्टार्च मिसळलेला असतो, त्याचा हा गुण. रश्शात मिरचीपूर्वी लसूण जाणवतो, मग मिऱ्याची ऊब, आणि मिरची घशाशी सावकाश येते. बुलडाकचा क्रम उलटा. पहिल्या घासाला चक्क गोड लागते, दुसऱ्या घासाला ओठ पेटतात, आणि तिसऱ्यानंतर सांगण्यासारखे फारसे उरत नाही. आमच्यातील एका बाईंनी त्यावर ‘हे तिखट घाईचे आहे’ असा अभिप्राय दिला. त्यास मी तरी काही भर घालू शकत नाही. सावजीच्या रश्शात किंवा आपल्या ठेच्यात तिखटाला तेलाचा, दाण्याचा, भाजलेल्या लसणाचा आधार असतो. तिळाची ती एवढीशी पुडी तोच आधार देऊ पाहते, परंतु तिचे बळ अपुरे पडते. देशी पाकिटाविषयी एवढेच म्हणतो की त्यात साखर होती, मिरचीपूड होती, लसणाचा वास होता, आणि कोरिया केवळ वेष्टनावर होता.

पाकिटाची पाठ वाचणे हाही परीक्षेचाच भाग होय. शाकाहाराची हिरवी खूण पाहण्याची सवय आपल्याकडे आहे. मिठाकडे मात्र कोणी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ मनुष्यास दिवसाला दोन हजार मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे पाच ग्रॅम मिठाची, मर्यादा घालून दिली आहे. अनेक कोरियन पाकिटांत एकट्यात दीड हजारांहून अधिक सोडियम भरते. रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पिण्याची पैज लावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

परंतु त्या दुपारी सर्वांत अधिक चर्चा झाली ती रश्शाच्या तळाशी असलेल्या एका चवीवर. ती गोड नव्हती, खारट नव्हती, आंबट नव्हती. जिभेवर रेंगाळत होती. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या काढ्यातून ती वेगळी ओळखली आणि तिला ‘उमामी’ असे नाव दिले. मराठीत तिला शब्द नाही, पण अनुभव आहे. पहिल्या पावसानंतर जंगलात निघणाऱ्या सात्यांची भाजी ज्याने खाल्ली आहे, त्याला ती चव माहीत आहे. कोरियन स्वयंपाकात ही चव मुख्यतः आंबविलेल्या सोयाबीनमधून येते. दोएनजांग हे त्यांचे सोयाबीनचे मुरविलेले वाटण. गोचुजांगमध्ये त्याच सोयाबीनला तिखट आणि चिकट तांदूळ यांची जोड मिळते.

येथे वरोऱ्याच्या माणसाने थोडे थांबावे. आपल्या तालुक्यात कपाशीखालोखाल शिवारे भरतात ती सोयाबीननेच. भावासाठी शेतकरी बाजार समितीच्या आवारात ताटकळतो, आंदोलने होतात, निवडणुकांत त्यावर भाषणे होतात. हे सर्व सोयाबीन तेलाच्या घाण्यात जाते आणि मागे राहिलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. इतकी वर्षे हे पीक घेऊन त्याची एकही चव आपण निर्माण केली नाही. दमट डोंगराळ ईशान्येत नागा स्त्रिया सोयाबीन आंबवून आखुनी करतात, म्हणजे ही विद्या भारतात नाही असेही नाही. गव्हाच्या शेवया आपल्या बायका उन्हाळ्यात हाताने ओढून वाळवीतच आल्या आहेत. त्या तळाव्या लागत नाहीत, सूर्य ते काम फुकट करतो. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शंभर रुपयांच्या पाकिटातले तिन्ही मुख्य जिन्नस आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारी पिकतात. आपल्या महाविद्यालयांतील गृहअर्थशास्त्राच्या आणि कृषीच्या विद्यार्थ्यांना एखादा प्रकल्प याच विषयावर द्यावयास काय हरकत आहे, हे मला समजत नाही. पहिल्या दहा खेपा फसतील, कदाचित वासही सुटेल; सोयाबीन आंबविताना तो सुटतोच.

आणि मिरची तर या जिल्ह्याला निराळ्याच रीतीने ठाऊक आहे. मूल, सावली, सिंदेवाही या बाजूंची धानकापणी आटोपली की गावेच्या गावे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. २०२० सालच्या टाळेबंदीत यांतील हजारो मजूर तेथेच अडकून पडले आणि पुष्कळांनी पायी परतीची वाट धरली. उन्हात दिवसभर तोडणी करणाऱ्यांच्या बोटांची आग रात्री पाण्यानेही शमत नाही. तेथे कोणी पैज लावीत नाही. परतताना अनेकजण वर्षभराची मिरची पोत्यात बांधून आणतात. तिच्यातली रंगाची कोणती, तिखटाची कोणती, कोणती नुसतीच बियांची, हे त्या बाया देठ मोडून, वास घेऊन सांगतात. आमच्या वर्गांत त्यांची मुलेही शिकतात.