उपग्रहावर लेझर मारणारं सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

इअरफोनमधून ऐकताना आकडे डोक्यात बसत नाहीत अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडची ही लेखी आवृत्ती. बोलताना पसरट झालं ते आवरलंय, बाकी तसंच.

विषय आहे सॅटेलाइट लेझर रेंजिंग. जमिनीवरून उपग्रहावर लेझरचा एक अगदी छोटा झटका सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, प्रकाशाच्या वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं. आलं अंतर. १९६४ साली नासाच्या गोडार्ड केंद्राने हे पहिल्यांदा जमवलं, तेव्हा अचूकता काही मीटरची होती. आज चांगली केंद्रं मिलिमीटरच्या भाषेत बोलतात.

आपल्या परभणी-हिंगोलीकडच्या कुणाच्याही मनात लगेच येईल, म्हणजे औंढा नागनाथचं लायगो का? नाही. लायगोचा लेझर चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्यांमध्ये फिरणार, गुरुत्वीय लहरी शोधायला. आजचा लेझर थेट आकाशात जातो.

उपग्रहावर काय असतं? फक्त आरसे. तीन आरसे एकमेकांना काटकोनात बसवले की प्रकाश कुठूनही येऊ दे, आला त्याच दिशेने परत जातो. उसाच्या ट्रॉलीमागे लाल प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर असतो ना, त्याची करामत हीच. त्याला बॅटरी लागत नाही, घड्याळ लागत नाही. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर झोपून गेल्यावरही, डिसेंबर २०२३ मध्ये, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने १०० किलोमीटरवरून लेझर मारला आणि विक्रमवरच्या छोट्याशा आरशाने तो परत पाठवला.

याचा आपल्या मोबाइलशी संबंध काय? आपल्या नाविक उपग्रहांवरही असे आरसे आहेत. नाविक असो नाहीतर जीपीएस, सगळा खेळ रेडिओ सिग्नल आणि वेळेचा. उपग्रहाचं घड्याळ १ नॅनोसेकंद चुकलं की अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक. पंचाईत अशी, की चूक घड्याळाची आहे का उपग्रहच आपण समजतो तिथे नाहीये, हे रेडिओच्या मापातून सहज वेगळं करता येत नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए ची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. दिशादर्शनासाठी तो जवळपास निकामी झाला. पण लेझरने अंतर मोजायला उपग्रहावरचं घड्याळ लागतच नाही, वेळ जमिनीवरच मोजली जाते. म्हणून लेझरचं माप हे स्वतंत्र साक्षीदारासारखं. इस्रोने माउंट अबू आणि केरळातल्या पोनमुडी इथे अशी केंद्रं उभारली ती यासाठीच.

आता माझ्या आवडीचा भाग. वरती नुसता आरसा, म्हणजे सगळी अक्कल खाली, आणि त्यातली बरीचशी सॉफ्टवेअरमध्ये.

समजा असं केंद्र परभणीत आहे आणि आपल्याला ८३ अंश पूर्व रेखांशावरचा नाविकचा भूस्थिर उपग्रह मोजायचाय. परभणीतून तो दक्षिणेला, बराच उंच, साधारण ३६,२०० किलोमीटरवर. प्रकाशाला जाऊन-येऊन लागतात सुमारे ०.२४ सेकंद. लेझर सेकंदाला १,००० झटके मारत असेल तर पहिला परत यायच्या आत २४० झटके वाटेत असतात! म्हणजे सॉफ्टवेअरला क्यू सांभाळावी लागते: कुठला झटका कधी गेला, कधी यायला हवा. परत येणारा प्रकाश इतका क्षीण, की बहुतेक शॉट रिकामेच जातात. एकेक फोटॉन टिपणारा डिटेक्टर सतत उघडा ठेवला तर आकाशाच्या उजेडानेच भरून जाईल. म्हणून फोटॉन यायच्या जरासं आधी तो उघडायचा, लगेच बंद. याला रेंज गेट म्हणतात. शिवाय एक झटका परत यायच्या क्षणीच दुसरा सोडला, तर जवळच्या हवेतून विखुरलेला प्रकाश डिटेक्टरला आंधळा करतो. मग सॉफ्टवेअर सोडायची वेळ किंचित मागेपुढे सरकवतं.

हे सगळं साध्या लिनक्सवर पायथनमध्ये होईल का? कॉलेजात असतो तर मी हो म्हणालो असतो. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर पळतो. केंद्राची वेळ १ मायक्रोसेकंद चुकली तर तो ७ मिलिमीटर पुढे; १ मिलिसेकंद चुकली तर ७ मीटर. आणि ऑपरेटिंग सिस्टिम मध्येच दुसरं काम करायला लागली की मिलिसेकंद सहज जातात. म्हणून सॉफ्टवेअर गेटच्या वेळा आधीच काढून हार्डवेअरच्या हवाली करतं. नेमका क्षण इलेक्ट्रॉनिक्स पाळतं. नेमही उपग्रह आत्ता दिसतो तिथे धरून चालत नाही. १,००० किलोमीटरवरचा उपग्रह प्रकाश पोहोचेपर्यंत सुमारे २५ मीटर पुढे गेलेला असतो. पळत्या पोराकडे चेंडू फेकताना आपण पुढे फेकतो, तसंच.

स्क्रीनवर काय दिसतं? अंदाजाचं अंतर आणि मोजलेलं अंतर यांच्यातला फरक, ठिपक्याठिपक्यांनी. गोंगाटाचे ठिपके वाटेल तिथे पडतात, उपग्रहाचे मात्र एका रेषेत. ती रेषा गर्दीतून ओळखणं हा अल्गोरिदम मला सगळ्यात देखणा वाटतो. मग हवेचा हिशोब. हवेतून प्रकाश जरा सावकाश जातो, आणि हवेचा दाब १ मिलिबार चुकीचा टिपला तर डोक्यावरच्या उपग्रहाचं अंतरही सुमारे २ मिलिमीटर चुकतं. एवढा महागडा लेझर, आणि खेळ बॅरोमीटरवर अडतो.

कोडचा सगळ्यात जबाबदारीचा भाग मात्र वेगळाच आहे: लेझर कधी मारायचा *नाही*. हा प्रकाश विमानातल्या माणसाच्या डोळ्यांना घातक ठरू शकतो. नांदेडचं विमानतळ परभणीपासून काही लांब नाही. विमानं स्वतःचं स्थान रेडिओवर सांगत असतात, ते ऐकायचं. काही केंद्रं रडारही लावतात. किरणाच्या वाटेजवळ विमान आलं की शटर बंद. काही उपग्रहही नाजूक असतात. बर्फाची उंची मोजणाऱ्या आइससॅटच्या सेन्सरला इजा होऊ नये म्हणून केंद्रांना आधी परवानगीची फाइल तपासावी लागायची, आणि तो डोक्यावर आला की मारायला बंदीच.

इथे लिहायची पद्धत उलटी असते. आपण ॲप लिहितो तेव्हा काही बिघडलं तरी ॲप चालू राहावं असं बघतो. इथे विमानांची माहिती दोन सेकंद आली नाही, टेलिस्कोप नक्की कुठे बघतोय हे कळलं नाही, प्रोग्रॅम हँग झाला, काहीही झालं तरी शटर आपोआप पडलं पाहिजे. ते उघडं राहायला सॉफ्टवेअरने सतत ‘मी शुद्धीत आहे’ असं सांगत राहावं लागतं. आणि तेवढ्यावरही भरवसा ठेवत नाहीत. कोडला हात न लावता लेझर तोडणारी वायरिंग वेगळी असते.