पानातला नेमका रेणू कसा शोधतात?

अडुळशाचा काढा खोकल्यावर चालतो, हे घराघरांत ठाऊक आहे. त्यामागे पानातला व्हॅसिसीन हा रेणू असतो. ब्रोमहेक्सिन हे औषध त्याच्याच रचनेवरून घडलं.

शोधाची सुरुवात साधी असते. पानं-फुलं सावलीत वाळवायची, भुकटी करून मेथॅनॉलमध्ये भिजवायची, अर्क गाळायचा. अर्कात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि रंग निळा-काळा झाला, की टॅनिनची शक्यता. पाण्यात हलवून फेस टिकला, तर सॅपोनिन. सगळ्यात देखणी चाचणी डीपीपीएच या रसायनाची: गर्द जांभळ्या द्रावणात अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवायचा. जांभळा ओसरून पिवळा उतरला, की अर्कात अँटिऑक्सिडंट आहेत. मात्र परीक्षानळीतलं यश म्हणजे औषध नव्हे. पुढे रेणू वेगळा करणं, विषारीपणा तपासणं आणि रुग्णांवरच्या चाचण्या, यांत वर्षं जातात.

अशा शोधाला लागणारी रानं जवळच आहेत: कोल्हापुरात, कसबा बावड्यातल्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठापासून राधानगरी आणि आंबा घाटाची रानं गाडीनं तासा-दोन तासांवर. सह्याद्रीच्या या पट्ट्यात नरक्या हे झाड वाढतं. कर्करोगावरच्या टोपोटेकन, इरिनोटेकन या औषधांचा मूळ रेणू, कॅम्प्टोथेसिन, त्यात सापडतो. तो 1966 मध्ये चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळा करणाऱ्यांपैकी मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी 1972 मध्ये तो नरक्यात दाखवला. पुढे या रेणूपायीच लाकडासाठी या झाडावर कुऱ्हाड पडत आली आहे, चोरूनही.