लाचेच्या नोटा सापडल्या म्हणजे शिक्षा झाली असं नाही!
परवान्यासाठी साहेबांनी ‘चहापाणी’ मागितलं, तर पैसे देऊन मोकळे होऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर ७ दिवसांत तक्रार करावी लागते. त्यापेक्षा आधीच १०६४ ला फोन लावा. एसीबी पंचांसमोर पडताळणी करते, मागणी रेकॉर्ड होते, मग सापळा. कोर्टात नुसत्या पावडर लावलेल्या नोटांवर भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. झाली, तर ३ ते ७ वर्षं कैद. काही तक्रारदार पुढे साक्ष फिरवतात (रोज त्याच ऑफिसात जायचं असतं, समजतं मला). तरी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नीरज दत्ता खटल्यात सांगितलं, तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते. म्हणून तारीख, वेळ, कोण काय बोललं, त्याच दिवशी वहीत लिहा.