टपाच्या आतलं कापड

“माउली, छताचं कापड सुटलंय. जरा सोल्यूशन मारून द्या, लगेच निघायचंय.”

पंढरपुरात गिऱ्हाईकही माउली आणि कारागीरही माउली, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. कुशनवाला सोल्यूशन मारून देतो, गाडी निघते आणि पुढच्या चैत्रात तेच कापड पुन्हा चालवणाऱ्याच्या डोक्यावर उतरतं. मग खापर गोंदावर फुटतं. खरं तर गोंदाचा त्यात फारसा दोष नसतो.

आधी एक मूळचा गैरसमज. “उघडझाप होणाऱ्या टपाच्या गाड्या आपल्याकडे कुठे? त्या सिनेमात.” टांग्याचा टप काय होता? लोखंडी कमानी आणि त्यांवर ताणलेलं कापड. रिक्षाचं हूड आजही नळीच्या कमानींवर रेक्झिन चढवूनच होतं. महिंद्रांनी 1947 मध्ये विलिस जीप जुळवायला घेतल्या, त्यांच्या डोक्यावर कॅनव्हासच होता. 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी सॉफ्ट टॉपमध्येही मिळायची. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी तयार होत असे. 2020 च्या थारमध्येही घडीच्या टपाचा पर्याय होता. म्हणजे कमानीवर कापड चढवणारा हात आपल्या बाजारपेठेत पिढ्यान् पिढ्यांचा आहे.

पण इथे एक मेख आहे. जीप आणि जिप्सीचं हूड साधारण एकपदरी असतं. बाहेरून दिसतं तेच कापड आतून दिसतं, त्याला अस्तर नसतंच. त्यामुळे “जिप्सीचं अस्तर बदलायचंय” असं कोणी म्हणालं तर त्याला अस्तर बदलायचं नसून नवीन बसवायचं आहे, आणि ते वेगळं काम. खरं अस्तर असतं ते दोन-तीन पदरी टपाला. 1949 पासून जर्मनीत कारमान कंपनीनं बांधलेली उघडी बीटल घ्या किंवा 1979 ची गोल्फ कॅब्रिओले. वर जाड कापड, मधे गादीसारखा थर आणि खाली अस्तर. अशी एखादी जुनी गाडी पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाकडून सोलापूर जिल्ह्यात येऊन पोचते तेव्हा खरे प्रश्न सुरू होतात.

आता त्या सोल्यूशनकडे वळू. पत्र्याचं पक्कं छत असलेल्या बहुतेक अलीकडच्या गाड्यांत अस्तराचं कापड थेट छताला चिकटवलेलं नसतं. कापडाच्या पाठीला फोमचा पातळ थर असतो आणि तो फोम साच्यातल्या पुठ्ठ्यासारख्या पाट्याला चिकटवलेला असतो. हा फोम पॉलियुरेथेनचा. ऊन आणि दमट हवा यांनी तो वर्षानुवर्षे कुजत जातो आणि शेवटी त्याची पिठी होते. लोंबणारं कापड बोटानं दाबून बघा, बोटाला पिवळट भुगा लागेल. गोंद पाट्याला घट्ट धरून आहे, कापडही धड आहे, मधला फोम मात्र मेला आहे. त्या भुग्यावर सोल्यूशन मारणं म्हणजे वाळवंटात खुंटी ठोकणं. पाटा खाली उतरवायचा, ब्रशनं भुगा पूर्ण खरवडायचा आणि नवं फोमचं कापड लावायचं. दुसरा रस्ता नाही. खरवडण्यातच निम्मा दिवस जातो. गिऱ्हाईकाला ते दिसत नाही म्हणून तो पैशांवरून हुज्जत घालतो, हा भाग वेगळा.

घडीच्या टपाची गोष्ट याहून निराळी. तिथे पाटा नसतोच, कारण पाट्याची घडी होत नाही. अस्तराला आतून पट्ट्या शिवलेल्या असतात आणि त्या पट्ट्या कमानींना अडकवलेल्या, कुठे स्क्रूनं दाबलेल्या असतात. कडेला तेवढा गोंद. म्हणून “चिकटवलं की झालं” हा हिशेब इथे सुरुवातीलाच कोसळतो. हे काम शिवणकामाचं आहे, आणि त्यातही मापाचं.

माप म्हटलं की सगळ्यात महागात पडणारा समज येतो: अस्तर ढोलकीसारखं ताठ बसलं पाहिजे. पक्क्या छताला ते ठीक. घडीचा टप मात्र मिटताना कमानी एकमेकींजवळ येतात, सरकतात, काही ठिकाणी उलट्या फिरतात. तिथे कापडाला ढील लागते. टप बंद असताना सुरेख ताठ दिसणारं अस्तर पहिल्याच घडीला शिवणीवर उसवतं किंवा सांध्यात सापडून फाटतं. जाणता कारागीर प्रत्येक पट्टी अडकवली की टप अर्धा मिटून बघतो, पुन्हा उघडतो, मग पुढची पट्टी घेतो. वेळखाऊ आहे, पण याला पर्याय नाही.

“बाहेरचं कापड चांगलंय, फक्त आतलं बदला.” हे कधी जमतं, बहुतेकदा जमत नाही. बऱ्याच गाड्यांत अस्तर आधी बसतं आणि बाहेरचं कापड त्यावरून. आतल्या पट्ट्यांपर्यंत हात पोचवायला बाहेरच्या कापडाची निदान पुढची कड सोडावी लागते. पंधरा-वीस वर्षं ताणात राहिलेलं कापड एकदा सुटलं की आकसतं आणि परत त्या रेषेपर्यंत ओढलं जात नाही. म्हणून बाहेरचं कापड थकलेलं असेल तर दोन्ही एकदमच करावीत. कारागीर असं सुचवतो तेव्हा तो दर वेळी बिल फुगवत नसतो.

आता ऊन. इकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीच्या छताखाली 60 अंश सहज ओलांडले जातात. लाकडाचा पांढरा गोंद फर्निचरला उत्तम, पण या उकाड्यात आणि ओलीत तो मऊ पडतो. छताला रबरी सोल्यूशनच लागतं, त्यातही उष्णता सोसणारं. “उन्हात काम केलं की लवकर वाळतं” हेही उलटंच आहे. हे सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं झालं की जोडायचं असतं. भर दुपारी ते जोडण्याआधीच सुकून निर्जीव होतं. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत करावं. नवा टप बसल्यावर निदान दोन-तीन दिवस बंदच ठेवावा, म्हणजे कापड कमानींवर बसतं.

आषाढी आली की दुसरी तक्रार सुरू होते: अस्तर ओलं झालं, म्हणजे टप गळतोय. टप गळतही असेल. पण टप मिटून ज्या खाचेत बसतो तिथून पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना बारीक नळ्या असतात. आपल्या रस्त्यांची धूळ आणि झाडाखाली साचलेला पाला त्यांत बसला की पाणी तुंबतं आणि आत शिरतं. नवं अस्तर घालण्याआधी तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतं का बघा. शिवाय ओला टप कधी मिटू नका. बुरशीचा वास कापडातून जाता जात नाही.

सोलापूर जिल्हा म्हटल्यावर एक प्रेमळ सूचना हमखास येते, “आपली चादरच लावा की, मजबूत असते.” सोलापुरी चादर अंगावर घ्यावी. ते जाड सुती कापड वळणावर ताणलं जात नाही, ओल धरतं आणि स्वतःच्याच वजनानं खाली झुकतं. आणि मजबुतीपेक्षा मोठा मुद्दा आगीचा आहे. गाडीच्या आत वापरायचं कापड किती वेगानं पेटावं याला मर्यादा असते. अमेरिकेच्या नियमात ती मिनिटाला 102 मिलिमीटर आहे, भारतातही त्यासाठी आयएस 15061 हे मानक आहे. लग्नमांडवाचं सॅटिन डोक्यावर लावून फिरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आरटीओची भीती मात्र इथे अनाठायी. अस्तराची नोंद आरसी बुकात नसते, त्यामुळे ते बदलायला परवानगी लागत नाही. पक्क्या छताची गाडी कापून वरातीसाठी उघडी करणं ही वेगळी गोष्ट. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम अशा बदलाला मनाई करतं, आणि छत कापल्यानं गाडीच्या सांगाड्याचं बळही जातं.

राहता राहिलं “असलं अस्तर परदेशातूनच मागवावं लागतं.” तयार संच मिळतो, महाग असतो. पण जीपचं हूड आणि रिक्षाचा टप शिवणारा माणूस तुमच्याच गावात आहे, त्याला फक्त नमुना हवा. म्हणून जुनं अस्तर ओढून फाडू नका. प्रत्येक पट्टीवर खडूनं नंबर टाकून, जागच्या जागी फोटो काढून ते शिवणीवर उसवा. नवं त्यावरूनच बेतलं जाईल. काम झाल्यावर जुनं घडी घालून डिकीत ठेवा. पुढच्या खेपेला ते पुन्हा लागेल.