एकाच मळ्यातील दोन शत्रू : फुलपाखरू आणि गोगलगाय

मृगाच्या सरी पडून गेल्या की मिरज तालुक्यातील मळ्यांत लिंबाच्या रोपांना कोवळी पालवी फुटते आणि विहिरीकडेच्या वाफ्यात भाजीची रोपे वर येतात. अशा वेळी एखादे सकाळी पाने कुरतडलेली आढळतात व शेतकरी तत्काळ फवारणीस लागतो. परंतु पाने कोणी खाल्ली हे न पाहता केलेली फवारणी पुष्कळदा वाया जाते.

लिंबावरील फुलपाखरू दिसावयास मोठे देखणे असते. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके, मागील पंखावर विटकरी ठिपका. ते दिवसा फुलांतील मध पिते. पानास अपाय करीत नाही. अपाय करते ती त्याची अळी. मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी फिकट पिवळी अंडी घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजरेतून निसटते. पुढे ती हिरवी होते व डिवचल्यास डोक्यामागून तांबडी शिंगे काढून उग्र वास सोडते. लहान रोप ती निष्पर्ण करून टाकते.

बिनशंखाची काळी गोगलगाय मूळची आफ्रिकेतील. अंग चपटे व चामड्यासारखे, पाठीवर मधोमध फिकट रेघ. ती कीटक नव्हे. शंख-शिंपल्यांच्या वर्गातील प्राणी होय. म्हणून कीटकनाशकांचा तिच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते, कारण पोटाचा तळ हाच तिचा पाय. दिवसा ती दगड व पाचोळ्याखाली दडते, रात्री रोपे खाते आणि मागे चकचकीत चिकट रेघ ठेवून जाते. बेडग, आरग येथील पानमळ्यांसारख्या सावलीच्या, ओल्या जागी तिला लपावयास भरपूर वाव मिळतो.

फुलपाखराच्या अंडी, अळी, कोष व फुलपाखरू या चार अवस्थांपैकी पाने खाणारी अवस्था एकच. गोगलगायीचे पिलू मात्र जन्मतःच आईसारखे असते व जन्मभर पाने खाते. तिच्या प्रत्येक जीवात नर व मादी दोन्ही अवयव असल्याने संख्याही झपाट्याने वाढते.

उपायही त्यानुसार भिन्न आहेत. लिंबावरील अंडी व अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. गोगलगायींसाठी सायंकाळी वाफ्याकडेने ओले बारदान पसरावे. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या दाट पाण्यात बुडवाव्यात. हे पाणी शेतात ओतू नये. मळ्यातील दगड व पाचोळ्याचे ढीग हलवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना एवढी सवय लावावी : आधी पान उलटून अळी शोधावी, मग जमिनीवर चिकट रेघ शोधावी आणि त्यानंतरच पंपास हात घालावा.