चाप, सर्किट आणि नळीतली दोरी

10 मीटर एअर रायफल स्पर्धेत लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर मारायचा शिशाचा छर्रा 4.5 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य छर्ऱ्याचा मध्यबिंदू मोजते आणि 10.9 पर्यंत दशांशात गुण देते. छर्रा पाव मिलिमीटर सरकला की गुणाचा एक दशांश जातो. पात्रता फेरीत असे 60 नेम 75 मिनिटांत मारायचे असतात. इतक्या बारीक हिशेबात रायफल हलवणारी सर्वांत शेवटची गोष्ट म्हणजे चाप ओढणारे बोट. म्हणून स्पर्धेच्या रायफलीतील यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा भाग चाप आणि छर्रा यांच्यामधल्या काही मिलिसेकंदांवर खर्च झालेला आहे. ज्या रचनेमुळे चाप हलका होतो, तिच्यातूनच सुरक्षेचा प्रश्नही उभा राहतो. त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकत्रच समजून घ्याव्या लागतात.

आजच्या एअर रायफलीत नळीखाली हवेचा सिलिंडर बसवलेला असतो. त्यात साधारण 200 बारपर्यंत दाबाने हवा भरतात. रेग्युलेटर हा दाब उतरवून एका छोट्या कप्प्यात ठरावीक हवा साठवतो, त्यामुळे सिलिंडर भरलेला असो वा निम्मा रिकामा, प्रत्येक छर्ऱ्यामागे तेवढाच रेटा येतो. चाप ओढल्यावर स्प्रिंगने ताणलेला घोडा सुटतो, झडपेच्या दांड्यावर आदळतो, झडप क्षणभर उघडते आणि हवा छर्ऱ्याला नळीतून ढकलते. छर्रा सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने बाहेर पडतो. त्याची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल भरते. जर्मन कायद्यात खुल्या विक्रीच्या एअरगनसाठी हीच मर्यादा आहे आणि या खेळातल्या रायफलींचे मोठे उत्पादक जर्मनीतच आहेत.

ही रचना 1990च्या दशकात रुळली. त्याआधी स्प्रिंग-पिस्टनच्या रायफली होत्या, मग एका दमात हवा दाबून भरणाऱ्या आल्या, मध्ये काही वर्षे कार्बन डायऑक्साइड वायूच्याही आल्या. स्प्रिंगच्या काळात लिव्हर ओढून छर्रा भरताना स्प्रिंग चुकून सुटली तर बोट चिरडण्याचा धोका असे, म्हणून लिव्हर पूर्ण बंद होईपर्यंत स्प्रिंग अडवून धरणारा दातेरी खटका बसवू लागले. लिव्हर उघडी असताना चाप चालू नये, हा नियम तेव्हापासून रुजला. आजच्या चांगल्या मॅच रायफलींतही तो पाळला जातो. शिकारी बंदुकीवर असतो तसा अंगठ्याने सरकवायचा सेफ्टी कॅच मात्र या रायफलींवर सहसा नसतो. नेमबाज छर्रा भरतो, रायफल खांद्याला लावतो, नेम मारतो. भरलेली रायफल घेऊन हिंडण्याचा प्रसंगच या खेळात येत नाही.

यांत्रिक चापाची अडचण समजली की इलेक्ट्रॉनिक चाप का जन्मला ते कळते. ताणलेल्या घोड्याला एक खटका अडकवून धरतो आणि चाप ओढल्यावर तो खटका सरकतो. घोड्यामागची स्प्रिंग जोरकस असते. त्या जोराखाली दोन पोलादी कडा एकमेकींवर घासत सरकवायच्या, तर बोटाला जोर लावावा लागणार. एअर रायफलसाठी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने चापाच्या वजनाला किमान मर्यादा घातलेली नाही. एअर पिस्तुलाला ती 500 ग्रॅमची आहे. त्यामुळे रायफलीचे नेमबाज 100 ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून हलका चाप ठेवतात. इतका हलका चाप यांत्रिक पद्धतीने साधायचा तर मध्ये दोन-तीन लिव्हर घालून जोर वाटून घ्यावा लागतो आणि शेवटच्या दोन कडांची पकड अगदी थोडी ठेवावी लागते. पकड जितकी कमी, तितका चाप गोड सुटतो. पण पकड फारच कमी झाली तर रायफल टेबलावर आपटली, लिव्हर जोरात बंद केली किंवा कडा झिजल्या, तरी घोडा आपोआप सुटू शकतो. धूळ, जुने तेल आणि बदलते तापमान यांनी घर्षण बदलते आणि कालचा चाप आज वेगळा वाटतो. चांगला बंदूक-कारागीर ही मर्यादा बरोबर ओळखतो. हौशी नेमबाज मात्र स्क्रू फिरवत राहतो आणि धोक्याच्या रेषेपलीकडे जातो. क्लबमध्ये नवख्या मुलांच्या रायफलींचे चाप प्रशिक्षकाशिवाय कुणी हलवू नयेत, ही शिस्त याच कारणाने राखायला हवी.

इलेक्ट्रॉनिक चापात बोट आणि घोडा यांचा थेट संबंध तुटतो. चापाच्या पात्यामागे एक सूक्ष्म स्विच किंवा सेन्सर असतो. ओढीचा पहिला टप्पा, जिथे बोट अडते ती दुसऱ्या टप्प्याची भिंत, तिचे वजन या गोष्टी छोट्या स्प्रिंगने हव्या तशा जुळवता येतात, कारण त्या पात्यावर घोड्याचा भार मुळीच नसतो. पाते दुसरा टप्पा ओलांडते, सर्किट पूर्ण होते, बॅटरीने आधीच भरून ठेवलेला कपॅसिटर आपली वीज सोलेनॉइडमध्ये सोडतो. सोलेनॉइड म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला दांडा. वीज आली की तो झटक्यात सरकतो आणि घोड्याचा खटका काढतो. आता त्या खटक्याची पकड कितीही खोल ठेवता येते, कारण तो सरकवण्याचे काम बोटाकडे उरलेले नाही. चाप हलका आणि खटका घट्ट, हे यांत्रिक चापात एकमेकांच्या विरोधात जाणारे दोन गुण इथे एकत्र नांदतात. इलेक्ट्रॉनिक चापाची खरी कमाई हीच आहे. जाहिरातींत वेगाचा गाजावाजा असतो, पण हा वेग बोटाला जाणवत नाही. प्रत्येक नेमाला तेच वजन आणि तोच क्षण मिळणे नेमबाजाच्या जास्त कामाचे असते.

काही बंदुकींत घोडा सोडण्याऐवजी विजेनेच झडप हाणली जाते. मग विजेचा झटका किती लांब ठेवायचा त्यावर हवेचे मापही ठरवता येते. ब्रिटनच्या डेस्टेट कंपनीने या शतकाच्या सुरुवातीपासून अशा रायफली विकल्या, पण त्या 10 मीटरच्या स्पर्धेपेक्षा मैदानी नेमबाजी आणि शिकारीसाठी आहेत. त्यांना बटणाने चालणारी इलेक्ट्रॉनिक सेफ्टी दिलेली असते, कारण तिथे भरलेली बंदूक हाती घेऊन चालावे लागते.

चाप सर्किटवर आला की सुरक्षेचे नियमही सर्किटमध्ये बसवता येतात. स्विच बंद असेल तर कपॅसिटर भरत नाही, म्हणून चाप कितीही ओढला तरी घोडा जागचा हलत नाही. सर्किट जागे आहे की नाही ते छोटा दिवा सांगतो आणि बॅटरी उतरू लागली की इशाराही देतो. बॅटरी संपली तर रायफल सुटण्याऐवजी गप्प बसते. बिघाड व्हायचाच असेल तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे यंत्ररचनेतले जुने तत्त्व इथे आपोआप पाळले जाते. काही रचनांत बराच वेळ हालचाल नसेल तर सर्किट स्वतःच झोपी जाते.

सर्वांत उपयोगी सोय म्हणजे ड्राय फायरची. हवा न सोडता, छर्रा न भरता फक्त चापाचा सराव करणे याला नेमबाज ‘ड्राय’ म्हणतात. घरी भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत तासन्‌तास ड्राय मारणे हा या खेळाचा कणा आहे. यांत्रिक रायफलींत त्यासाठी वेगळी कळ असते. इलेक्ट्रॉनिकमध्ये स्विच त्या स्थितीत ठेवला की चापाचा तोच स्पर्श मिळतो आणि झडप मात्र उघडत नाही. याला स्पर्धेतही महत्त्व आहे. खरी गुणांची फेरी सुरू झाल्यावर छर्ऱ्याविना हवा सोडणे नियमांच्या विरुद्ध आहे. त्यामुळे स्विच कोणत्या स्थितीत आहे हे नेमबाजाला प्रत्येक क्षणी ठाऊक असावे लागते.

महासंघाच्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक चापाला परवानगी दिली आहे, पण अटींवर. त्याचे सगळे भाग रायफलीच्या यंत्रणेत किंवा दस्त्यातच घट्ट बसलेले हवेत, बाहेर लोंबणारी पेटी किंवा तार चालत नाही. चाप नेमबाजाच्या नेहमीच्या हातानेच चालला पाहिजे. तपासणीच्या वेळी सर्व भाग जागेवर असले पाहिजेत आणि तशी पूर्ण रायफल 5.5 किलोच्या मर्यादेत व ठरलेल्या मापांत बसली पाहिजे.

आता सर्किटची मर्यादा. चाप ओढला की नाही, स्विच चालू आहे की नाही, बॅटरीत दम आहे की नाही, एवढे सर्किटला कळते. नळीत छर्रा आहे की नाही, हे त्याला कळत नाही. काडतुसाच्या बंदुकीची यंत्रणा उघडली की काडतूस बाहेर येते आणि बंदूक रिकामी झाल्याचे डोळ्यांना दिसते. एअर रायफलीत तसे होत नाही. छर्रा एकदा नळीत ढकलला की तो तिथेच राहतो. लिव्हर उघडली तरी तो दिसत नाही आणि मागे ओढून काढण्याची सोय नाही. तो मारूनच काढावा लागतो, तोही रेंज ऑफिसरच्या परवानगीने, लक्ष्याच्या दिशेने किंवा ठेवलेल्या पेटीत.

म्हणून जगभरच्या रेंजवर एअर रायफलीची खरी सेफ्टी म्हणजे भडक नारिंगी रंगाची, नळीच्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकातून बाहेर आलेली दोरी. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरी नळीच्या पूर्ण लांबीची हवी, अशी नियमाची अट आहे. यंत्रणेत नुसता तुकडा खोचून भागत नाही, कारण तुकडा मागून घातला तर पुढे अडकलेला छर्रा तसाच राहू शकतो. आरपार गेलेली दोरी पाहिली की समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला, पंचाला, शेजारच्या नेमबाजाला आणि लक्ष्य तपासायला निघालेल्या कर्मचाऱ्याला विचारावे न लागता कळते की नळी मोकळी आहे. आज्ञा मिळेपर्यंत दोरी काढायची नाही, आज्ञा मिळेपर्यंत छर्रा भरायचा नाही आणि ‘स्टॉप’ म्हटले की थांबायचे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत या प्रकारात जगज्जेता झाला, त्यालाही हीच दोरी आणि याच आज्ञा लागू होत्या. बालेवाडीच्या रेंजवर पहिल्यांदा रायफल हाती घेणाऱ्या शाळकरी मुलालाही त्याच लागू असतात. सेन्सर आणि दिवे रायफलीच्या मालकाला माहिती देतात, ही दोरी इतर सगळ्यांना देते. सुरक्षेच्या दृष्टीने दुसरे काम जास्त मोलाचे आहे.

रायफलीत आणखी एक धोका आहे आणि तो चापापेक्षा कमी चर्चिला जातो. 200 बार दाबाचा सिलिंडर नेमबाजाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर भरून-रिकामा होऊन थकतो. अनेक उत्पादक त्याला 10 वर्षांची मुदत देतात आणि ती त्यावर कोरलेली असते. मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नियमांनी नेमबाजावर टाकली आहे आणि साहित्य तपासणीत ती तारीख पाहिली जाऊ शकते. जुनी रायफल स्वस्तात विकत घेणाऱ्याने चापाआधी ही तारीख पाहावी. कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स थकलेल्या धातूची सूचना देत नाही, दाबमापकाचा काटाही नाही.

इलेक्ट्रॉनिक चापाचे इतके फायदे असूनही एअर रायफलीत यांत्रिक चापाचे राज्य टिकून आहे. एअर पिस्तुलात चित्र वेगळे आहे. स्वित्झर्लंडच्या मोरिनी कंपनीचे सीएम 162 ईआय हे इलेक्ट्रॉनिक चापाचे पिस्तूल जगभरच्या स्पर्धांत दिसते, ऑस्ट्रियाच्या स्टायरचे इव्हो 10 ई देखील. रायफलीतही स्टायर आणि वॉल्थर यांनी इलेक्ट्रॉनिक आवृत्त्या आणल्या, पण त्यांचा तसा प्रसार झाला नाही. याचे एक कारण चापाच्या वजनातच आहे. पिस्तुलात किमान 500 ग्रॅम ओढावेच लागतात, तिथे काच फुटावी तसा स्वच्छ सुटणारा चाप हा मोठा लाभ. रायफलीचा उत्तम यांत्रिक चाप मुळातच इतका हलका आणि नेमका असतो की इलेक्ट्रॉनिक्सने भर घालायला फारशी जागा उरत नाही. दुसरे कारण भरवशाचे. यांत्रिक चाप बिघडण्याआधी सहसा खडबडतो, वजन बदलतो, बोटाला सांगतो. सर्किट या क्षणी चालते आणि पुढच्या क्षणी बंद पडते, मग ते रेंजवर उघडून दुरुस्त करणे सोपे नसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली 10 मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात मध्येच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, उरलेले नेम घाईने मारावे लागले आणि 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. बिघाड सर्किटचा असो वा लिव्हरचा, घड्याळ थांबत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक चाप वापरणारे अनुभवी नेमबाज स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी घालून काही नेम मारून पाहतात, एक जादा बॅटरी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवतात. ज्यांना परवडते ते दुसरी, त्याच मापाला जुळवलेली बंदूकही सोबत नेतात.

विमानाने जाताना तीच पेटी पुन्हा उघडावी लागते. सिलिंडरमधली हवा सोडून तो रिकामा करावा लागतो, रायफल वेगळ्या कुलूपबंद पेटीत जाते आणि स्पर्धेच्या गावी पोहोचल्यावर पुन्हा हवा भरून, रेग्युलेटर स्थिर होऊ देऊन, काही छर्रे मारून वेग आणि नेम दोन्ही तपासावे लागतात.