मुघल लघुचित्रातील पशुपक्षी-प्रतीके आणि मलिक अंबर

प्रस्तावना :
मध्ययुगात बीड परिसर अहमदनगरच्या निजामशाहीत समाविष्ट होता. बीडजवळील खजाना बावडी (१५८२) ही त्या राजवटीची साक्ष होय. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबर याने परांडा येथे दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसविले आणि सुमारे पाव शतक हे राज्य टिकविले. या संघर्षाचे प्रतिबिंब जहांगीरच्या दरबारातील एका लघुचित्रात उमटले आहे. त्याचा आशय प्रामुख्याने पशुपक्ष्यांच्या प्रतीकांतून व्यक्त झालेला दिसतो.

निरीक्षण आणि प्रतीक :
जहांगीरकालीन चित्रशाळेत पशुपक्ष्यांचे चित्रण दोन हेतूंनी होत असे. पहिला हेतू निरीक्षणाचा. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या प्राण्यांत टर्की कोंबडा होता. मन्सूरने त्याचे पीस न् पीस बारकाईने रंगविले. दुसरा हेतू राजसत्तेचे समर्थन करण्याचा होता.

अबुल हसनचे चित्र :
डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयातील हे चित्र १६१६ च्या सुमाराचे मानले जाते. त्याच वर्षी जालन्याजवळील रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला होता. चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावरील अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. गोल बैलावर आणि बैल मत्स्यावर आधारलेला आहे. पृथ्वीचा भार बैल व मत्स्य वाहतात, ही इस्लामी परंपरेतील विश्वकल्पना असून आपल्याकडील शेष-कूर्माच्या कल्पनेशी तिचे साम्य आहे. गोलावर हिंस्र व गरीब प्राणी एकत्र नांदतात. वाघ-शेळी एका घाटावर पाणी पितात, या मराठी लोकोक्तीतील न्यायाचा आदर्शच येथे साकारला आहे.

अंबरच्या मस्तकावर मात्र घुबड बसविले आहे. फारसी साहित्यात घुबड हे ओसाड अवशेषांत राहणारे अशुभ पाखरू मानले जाते. चित्रावरील मजकुरातही अंबरच्या कृष्णवर्णाचा रात्रीशी संबंध जोडलेला आढळतो. पशूंद्वारे बादशहाचा न्याय, तर पक्ष्याद्वारे शत्रूचा अवमान सूचित होतो.

प्रतीक आणि वास्तव :
प्रत्यक्षात अंबर मुघलांच्या हाती कधीच लागला नाही. १६२४ मध्ये आष्टी तालुक्यालगतच्या भातवडी येथे त्याने मुघल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. १६२६ मध्ये त्यास नैसर्गिक मृत्यू आला. त्याची युद्धकुशलता व कारभार यांची प्रशंसा मुतमदखान या मुघल इतिहासकारानेच केली आहे.

समारोप :
सदर चित्रास घडलेल्या प्रसंगाचा पुरावा मानता येत नाही. रणांगणावर जे साधले नाही ते कागदावर साधण्याची दरबाराची आकांक्षा मात्र त्यातून सिद्ध होते. म्हणूनच मराठवाड्याच्या इतिहासाचे अध्यापन करताना लघुचित्रांतील पशुपक्षी केवळ अलंकरण न मानता, ते कोणाची बाजू मांडतात, हे तपासणे आवश्यक ठरते.